पानामागचं पांढरं: भुरी की डाऊनी? फोल्डस्कोपमधून ओळखता येईल का?

निफाडचा बागायतदार:
राम राम मंडळी. थॉमसन द्राक्षाची दीड एकर बाग, ऑक्टोबर छाटणीला ३५ दिवस झालेत, फुलोरा चालू आहे. दोन दिवस आभाळ, पहाटे दव. पानामागं पांढरं आलंय. भुरी आणि डाऊनी, दोन्ही रोगांत असं पांढरं येतं. दुकानदार म्हणतो, दोन्हींचं औषध मारून टाका. पण मला आधी रोग कळायला हवा. पोरीचा फोल्डस्कोप, म्हणजे कागदी सूक्ष्मदर्शक, चुंबकानं मोबाईलला जोडला. काळ्या जाड कडांचे गोल गोल दिसतात. हेच बीजाणू का?

वनस्पतिशास्त्राची जुनी शिक्षिका:
दादा, ते हवेचे बुडबुडे. काळीभोर कड आणि मध्ये लख्ख उजेड, म्हणजे बुडबुडाच. पारदर्शक चिकटपट्टी त्या पांढऱ्यावर हलकेच टेकवा, काचपट्टीवर पाण्याचा एकच थेंब घ्या आणि चिकटपट्टी त्यावर एका बाजूनं हळूहळू खाली सोडा. भुरी असेल तर पिंपासारखे लांबट बीजाणू, बरेचदा एकावर एक माळ लागलेले. डाऊनी असेल तर पानाच्या छिद्रांतून निघालेलं बारीक झाड, फांद्या जवळजवळ काटकोनात, टोकांना लिंबासारखे दाणे. फोल्डस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा देतो, तेवढ्यात हे भागतं. मोबाईलवर झूम केलं तर चित्र मोठं होतं, बारकावा वाढत नाही.
आणि हे समजून घ्याच: डाऊनी ही खरी बुरशी नाही, शेवाळांच्या जवळची आहे. म्हणून भुरीवर चालणारं गंधक तिच्यावर चालत नाही.

तासगावकर:
शंका राहिली तर वरच्या बाजूला तेलकट डाग दिसणारं पान ओल्या कागदासोबत प्लास्टिक पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. डाऊनी असेल तर सकाळी डागाच्या बरोबर मागं पांढरी लव येते. ती ताजी असतानाच बघा, नुसत्या हाताळण्यानंसुद्धा दाणे गळतात.

निफाडचा बागायतदार:
ताई, दिसलं! पिशवीतल्या पानाची पट्टी घेतली. पहिल्या दोन्ही वेळा बुडबुडेच. तिसऱ्यांदा सरकवता सरकवता एक फांदी आली, अगदी निष्पर्ण बाभळीसारखी, आणि आजूबाजूला गळून पडलेली लिंबं. पोरगी ओरडलीच. भुरीची माळ कुठंच नाही, पाच पानं बघितली. गंधकाची पुडी ठेवून दिली, डाऊनीचंच औषध घेतोय. आता दाट पानोऱ्यातले घड तपासायला निघालो, फुलोऱ्यात घडावर गेली तर घड हातचा जातो.