नववी-दहावीच्या पालकांपर्यंत शाळेचा निरोप नीट पोचवायचा कसा? तुमच्याकडे काय करता?

नववीब_च्या_बाई

नमस्कार मंडळी, मी इचलकरंजीत एका अनुदानित हायस्कूलला आहे, यंदा नववी ब ची वर्गशिक्षिका. पटावर ५८ मुलं. परवा शनिवारी सकाळी ११ ला पालकसभा ठेवली होती, आठवडाभर आधी वहीत सूचना लिहून दिली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आदल्या दिवशी परत आठवण केली, आणि आले ११ जण. त्यातले सात दर वेळी येणारेच, ज्यांच्या मुलांबद्दल मला वेगळं काही सांगायचंच नसतं. ज्यांना भेटणं गरजेचं होतं त्यातलं कुणीच नाही.

पण मला खरं लागलंय ते वेगळंच. वर्गातली एक मुलगी आठवीत एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा, पास झाली. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, आणि त्या घरात १२,००० म्हणजे काय ते मी सांगायला नको. निवड झाली तरी नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो, त्याला मोबाईल नंबर लागतो, ओटीपी येतो. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, आई मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जाते, आणि शाळेच्या रजिस्टरला जो नंबर होता तो कधीचाच बंद पडलेला. मुदतीची नोटीस आम्ही ग्रुपवर पीडीएफ करून टाकली, 'सर्व संबंधित पालकांना कळविण्यात येते की' वगैरे. ग्रुपवर नंबर तोच, बंद पडलेला. मुलीला वर्गात तोंडी सांगितलं होतं, ती घरी गेली तेव्हा बाबा झोपलेले, आई कामावर, राहून गेलं. मुदत संपली. पैसे गेले.

नंतर आई शाळेत आली. ओरडली नाही काही नाही, नुसतं म्हणाली, "बाई, आमचं घर इथनं दोन गल्ल्या सोडून हाय, कुणाला तर धाडायचं की."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. आम्ही नोटीस काढली म्हणजे आमचं काम झालं असं धरून चाललो होतो. तर विचारायचं असं की ज्यांच्या घरी दोघंही पाळीत कामाला जातात, लिहिणं वाचणं बेताचं, अशा घरांशी तुम्ही वर्षभर कसे जोडलेले राहता? कृपया नवीन अ‍ॅप सुचवू नका, ते करून झालंय, २० जणांनी पण उतरवलं नाही.

ठाण्याची_आई

बाई, आधी तुम्हाला नमस्कार, कारण हे असं मनाला लावून घेणारं माणूस शाळेत असलं की निम्मं काम होतं.

मी पालकांच्या बाजूनं सांगते. माझा मुलगा दहावीत आहे, मी मुंबईत नोकरीला. कामाच्या दिवशी सकाळी ११ ची सभा म्हणजे मला अर्धी रजा, आणि तुमच्याकडे जे पालक रोजावर आहेत त्यांचा अख्खा रोज बुडतो. एवढा रोज बुडवून येऊन ऐकायचं काय तर अडीच तास भाषण, स्वागत, प्रास्ताविक, आणि शेवटी आपल्या मुलाबद्दल दोन मिनिटं, तीही सगळ्यांसमोर. मी स्वतः दोन वर्षं याच कारणासाठी गेले नाही.

मग चिठ्ठी काढली त्यात माझं नाव निघालं आणि मी पालक शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत आले. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं की महाराष्ट्रात फी नियंत्रणाचा २०११ चा कायदा आहे, त्यात शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हा संघ स्थापन करायचा, प्रत्येक इयत्तेतून एक पालक समितीवर घ्यायचा आणि तो शाळेनं आपल्या मर्जीनं नाही, चिठ्ठ्या टाकून घ्यायचा असं आहे. चिठ्ठीमुळे आमच्यात एक भाजीवाल्या ताई आल्या आणि सगळ्यात कामाचे प्रश्न त्यांनीच विचारले.

आम्ही दोन गोष्टी बदलून घेतल्या. सभा बंद करून शनिवारी ४ ते ८ प्रत्येक पालकाला दहा मिनिटं, वेळ आधी ठरवून. आणि ग्रुपवर फक्त शाळाच मेसेज टाकणार, शुक्रवारी एकदाच, साध्या मराठीत, पीडीएफ नाही. सुप्रभातची फुलं बंद झाल्यावर लोक ग्रुप उघडायला लागले.

अजून एक, काय सांगायचं तेही बघा. मार्कांचं गणितच घरी माहीत नसतं. दहावीला गणित, विज्ञान, भाषा यांना २० मार्क शाळेकडचे असतात हे ऐकून होतो पण त्यात तोंडी, प्रॅक्टिकल, गृहपाठ धरतात आणि ते वर्षभर मिळवायचे असतात हे मला सप्टेंबरमध्ये कळलं. आणि चित्रकला! इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए आला तर दहावीला ७ मार्क वाढीव, बी ला ५, सी ला ३. आमच्या सोसायटीतल्या दोघींनी "आता दहावी जवळ आली" म्हणून नववीतच मुलींचा चित्रकलेचा क्लास बंद केला होता. कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

डोंगरपट्ट्यातले_गुरुजी

मी बीड जिल्ह्यात आहे, २२ वर्षं झाली. आमच्याकडे तर पालक गावातच नसतात. दसरा दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ते एप्रिलपर्यंत. नवरा बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, पैशाची उचल आगाऊ घेतलेली, मध्ये सुट्टी नाही. पोरं आजी आजोबाकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. म्हणजे दहावीच्या पोराचं सगळं महत्त्वाचं, बोर्डाचा फॉर्म, सराव परीक्षा, तोंडी, हॉल तिकीट, हे सगळं आईबाप उसाच्या फडात असताना होतं.

आम्ही काय करतो ते सांगतो. टोळी निघायच्या आधी एक वही भरतो. एका पोरामागं तीन नंबर, एक आईबापाचा, एक टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा किंवा मुकादमाचा, आणि एक गावात मागं राहणाऱ्याचा. नंबर नुसता लिहून घ्यायचा नाही, तिथंच उभ्या उभ्या लावून बघायचा. एक तरी नंबर बंद निघतोच. फडात सिम बदलतात, रिचार्ज संपतो, म्हणून महिन्यातनं एकदा वही परत लावून बघतो, त्यासाठी आम्ही तिघं शिक्षक वर्ग वाटून घेतो.

निरोप लिहून नाही, आवाजात पाठवायचा. रात्री साडेआठ नऊला, उसाची गाडी भरून झाल्यावर कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आलेले असतात. "रामराम, मी अमक्याचा वर्गशिक्षक बोलतोय, पोरगं रोज येतंय, गणितात मागच्यापेक्षा बरं आहे, सोमवारपासून सराव परीक्षा आहे तेवढं फोन करून त्याला सांगा" एवढंच, पाऊण मिनिटाचा. ज्याला वाचता येत नाही तोही ऐकतो आणि परत परत ऐकतो. एक आई मला म्हणाली होती की चुलीपाशी बसून आम्ही सगळ्या बाया मिळून ऐकतो, ज्याचं पोरगं त्याचा निरोप. मला तेव्हा भरून आलं होतं.

आणि बोर्डाच्या प्री-लिस्टकडं, म्हणजे फॉर्म भरल्यावर तपासायला येणाऱ्या यादीकडं, फार लक्ष द्या. तिच्यावर पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख जशी छापलीय तशीच सर्टिफिकेटवर येते. पोरं न बघताच सही करतात. मी त्या पानाचा फोटो काढून पालकांना पाठवतो आणि फोन करून एकेक अक्षर वाचून दाखवतो, आईचं नाव माहेरचं लागलंय का सासरचं इथपर्यंत. पुढं दुरुस्तीला किती चकरा माराव्या लागतात ते ज्यानं मारल्यात त्यालाच माहीत.

आता_एसवायला

मी शिक्षिका पण नाही पालक पण नाही, चार वर्षांपूर्वी दहावी झाले, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. सगळे म्हणताय पालकांना कळवा कळवा, पण काय कळवायचं ते पण बघा ना. आमच्या शाळेत "उद्या घरून कुणाला तरी घेऊन ये" ही शिक्षाच होती. चांगलं काही झालं म्हणून कुणाचे आईवडील बोलावले असं मला एकदाही आठवत नाही.

माझ्या मैत्रिणीच्या दप्तरात नववीत मोबाईल सापडला. त्यात एका मुलाचे मेसेज होते, साधेच, अभ्यासाचे पण होते. सरांनी तिच्याशी एक शब्द न बोलता वडिलांना बोलावून फोन त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आधी मामाच्या गावी पाठवली, मग लग्नाचं बोलणं सुरू झालं. आम्ही बाकीच्या मुली रिकाम्या बाकाकडे बघत बसायचो. शाळेनं "पालकांना माहिती दिली" आणि त्यानंतर चौकशी पण केली नाही.

म्हणून माझं म्हणणं, नववी-दहावीच्या मुलांना समोर बसवून बोला. मुलीला आधी विचारा की घरी हे सांगितलं तर काय होईल. आणि काही बिनसलंय असं वाटलं, लग्नाचं वगैरे कानावर आलं, तर १०९८ वर फोन करता येतो, तो मुलांसाठीचाच नंबर आहे, चोवीस तास असतो. हा नंबर पालकसभेत नाही, वर्गात फळ्याशेजारी लावा.

डोंगरपट्ट्यातले_गुरुजी

@आता_एसवायला ताई, अगदी बरोबर. आमच्याकडं तर आईबाप फडात जाताना वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची या काळजीनंच लग्न उरकतात. त्यामुळं मुलीच्या बाबतीत मी पहिला फोन कधीच तक्रारीचा करत नाही. जून जुलैपासून दोन चार चांगले निरोप गेलेले असले तर पुढं काही नाजूक सांगायचं झालं तरी बाप ऐकून घेतो, नाहीतर पहिल्याच फोनला "मग ठेवा घरी" म्हणून मोकळा होतो.

रिक्षावाला_बाप

मी सातवी शिकलेला माणूस. चुकलंमाकलं समजून घ्या. माझी पोरगी दहावीत हाय.

शाळेत गेलो की बाकावर बसवतात, पुढं सर बोलतात, आकारिक संकलित कृतिपत्रिका असलं काय काय, मला त्यातलं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते, बाजूला शिकलेले लोक बसलेले असतात. शेवटी विचारतात काही शंका? मी मान हलवतो आणि येतो. घरी आल्यावर पोरगी विचारते काय म्हणले सर, मी काय सांगू.

गेल्या वर्षी एक मॅडम होत्या त्यांनी वेगळं केलं. मला म्हणल्या, भाऊ तुम्हाला अभ्यास घ्यायचा नाही, रोज रात्री जेवताना दोनच विचारा, आज काय नवीन शिकवलं ते मला समजून सांग, आणि उद्या काय न्यायचंय. एवढं मला जमलं. पोरगी मला विजेचं सर्किट समजावून सांगत होती, मी रिक्षाच्या वायरिंगवरनं तिला दाखवलं. मॅडमनी मग वर्गात मला बोलावलं, पोरांना रिक्षाची वायरिंग दाखवायला. शाळेत मी ताठ मानेनं उभा राहिलो तो तेवढा एकच दिवस.

तुम्ही पालक येत नाहीत म्हणता. आमच्यासारख्याला तिथं काय काम हाय ते सांगा, आम्ही येतो.

आणि अकरावीच्या प्रवेशाचं पण आत्ताच सांगत जा हो. २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाईन झालंय, पसंतीक्रम भरायचा असतो म्हणे. मला निकाल लागल्यावर कळलं असतं तर नेट कॅफेवाला भरेल तेच खरं.

नववीब_च्या_बाई

उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले, माफ करा. सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं.

गुरुजींचं ऐकून पहिल्यांदा सगळे ५८ नंबर वर्गाबाहेर उभं राहून लावले. १३ बंद, चार दुसऱ्याच कुणाचे. म्हणजे वर्षभर १७ घरांना आम्ही काहीच कळवत नव्हतो आणि पालक लक्ष देत नाहीत म्हणून स्टाफरूममध्ये बोलत होतो. त्या १७ घरी मी आणि शिपाईमामा संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला जाऊन आलो. सगळीकडे चहा झाला. एका घरी मुलाची प्रथम सत्राची चित्रं भिंतीला चिकटवलेली, मला माहीतच नव्हतं हा मुलगा चित्र काढतो. त्याला इंटरमिजिएटचं सांगितलं, ठाण्याच्या ताई, तुमच्यामुळे.

भाऊ, तुमचं वाचून मी सभेचा कागदच बदलला. आता एका पालकाला दहा मिनिटं, मूल शेजारी बसलेलं, आधी ते स्वतः सांगणार काय जमतंय काय नाही, मग मी. पहिल्या शनिवारी २६ जण आले. चौघं रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे लाल. बाकीचे अजून नाही आले, त्यांच्यासाठी वेळ बदलून बघतेय.

त्या मुलीच्या आईकडे परत गेले होते. झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, आमच्या गल्लीत तुमच्या शाळेची नऊ पोरं हायत, निरोप असला की माझ्याकडं द्या, कांड्याला जाता येता सगळ्यांची दारं लागतात. तर आता देते.

गुरुजी, एक विचारायचं होतं, तुमच्या वहीत रकाने कसे आखलेत? माझ्यात नंबर बदलला की खाडाखोड होते आणि जुना कुठला नवा कुठला कळत नाही.

डोंगरपट्ट्यातले_गुरुजी

बाई, एका पोराला अख्खं पान द्या, ओळ नका देऊ. वर नाव, खाली तिन्ही नंबर पेन्सिलनं, आणि त्याच्याखाली तारीख टाकून कोण काय बोललं ते. फोन कुणी उचलला हेही लिहा, पुढच्या वेळी त्यांच्या नावानं बोलता येतं. शेवटच्या पानावर ज्यांच्याशी महिनाभर बोलणं झालं नाही त्यांची नावं, मी सोमवारी तेच पान आधी उघडतो.