थांबतात हो, पण जागा बघून

'आता कुठलाच ट्रकवाला दुसऱ्यासाठी थांबत नाही' असं वर एकांनी लिहिलंय, ते सरसकट पटत नाही. कसारा घाटाच्या चढावर गाडी उभी राहिली की मागचा ट्रकवाला काच खाली करून 'क्या हुआ उस्ताद?' एवढं तरी विचारतोच. एअर ब्रेकची हवा गळाली की मागची चाकं जाम होतात, मग टोचन लावूनही, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढूनही, गाडी हलत नाही. अशा वेळी गळका पाइप कसाबसा बांधायचा आणि शेजारी लावलेल्या ट्रकच्या टाकीतून नळीने हवा घ्यायची. हवेच्या दाबाचा काटा चढला, ब्रेक सुटला, की गाडी निदान कडेला घेता येते. पैशांचं नावही निघत नाही, फार तर चहा.

रात्री सुनसान जागी मात्र थांबत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. लुटारूही गाडी बिघडल्याचं सोंग करून हात दाखवतात. शिवाय जीपीएसवर मालकाची नजर, गाडी थांबली की लगेच फोन.

माझी तक्रार वेगळीच आहे. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, चाकामागे लावलेले दगड मात्र तिथेच. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने काय करायचं?