क्रूझवर रात्रीच्या जेवणाला नक्की काय घालतात?

पिशवीभर

मंडळी मदत हवीये. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच क्रूझला चाललोय, ७ रात्रींची आहे, मी, नवरा, १० वर्षांचा मुलगा आणि साबा (सासूबाई). तिकिटं, व्हिसा, विमा सगळं झालं आणि आता गाडं अडलंय ते कपड्यांवर. बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलंय की २ संध्याकाळी फॉर्मल, बाकी दिवस स्मार्ट कॅज्युअल. आता हे स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही, कॅज्युअल आहे तर स्मार्ट कशाला आणि स्मार्ट व्हायचंय तर कॅज्युअल कसं.

नवऱ्याकडे एकुलता एक सूट आहे, लग्नातला, त्याचं बटण आता श्वास रोखून धरला तरच लागतं. तो म्हणतो मी सुट्टीवर चाललोय, इंटरव्ह्यूला नाही, सातही दिवस बफेत शॉर्ट्सवर जेवेन. मला मात्र एकदा तरी मस्त नटून जेवायला जायचंय, आयुष्यात परत कधी जाऊ माहीत नाही. साबांना त्यांच्या नेहमीच्या पारंपरिक कपड्यांतच बरं वाटतं, ते चालेल ना? दारातून परत पाठवतात का खरंच? आणि केबिनमध्ये इस्त्री नेऊ देत नाहीत असं ऐकलं, मग चुरगळलेल्या कपड्यांचं काय करता तुम्ही लोक? विमानाचं वजन २३ किलो आहे, त्यात सगळं बसवायचंय.

जुनाखलाशी

पिशवीभर, आधी तुम्हीच एक मोठा श्वास घ्या, सूटचं नंतर बघू :)

मुख्य गोष्ट सांगतो. ड्रेस कोड हा जहाजाचा नसतो, त्या त्या जेवणघराचा असतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मी बॅग तिथेच हलकी होते. मोठं डायनिंग रूम असतं, जिथे वेटर मेन्यू हातात देतो आणि रोज बहुतेक तोच वेटर असतो, तिथे नियम लागतो. पैसे भरून जायची स्पेशल रेस्टॉरंट असतात, तिथेही साधारण स्मार्ट कॅज्युअल. वरच्या डेकवरच्या बफेत मात्र फॉर्मल रात्रीसुद्धा कुणी काही विचारत नाही, फक्त ओल्या स्विमसूटवर आणि अनवाणी येऊ नका म्हणतात. आणि रूम सर्व्हिस मागवलीत तर पायजम्यात जेवा, कोण बघायला येतंय. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं शंभर टक्के शक्य आहे, फक्त मग तुम्ही खाली आणि तो वर असं जेवावं लागेल.

स्मार्ट कॅज्युअलची माझी व्याख्या: एखाद्या बऱ्या हॉटेलात मित्राच्या वाढदिवसाला जाताना जे घालाल ते. पुरुषांना कॉलरवाला शर्ट, फुल पॅन्ट, बंद बूट. बायकांना साधा ड्रेस, नाहीतर चांगला टॉप आणि पॅन्ट. जीन्स बहुतेक जहाजांवर चालते, फाटकी नको. न चालणाऱ्या गोष्टी सगळीकडे साधारण त्याच, स्विमसूट, बिनबाह्यांची बनियन, रबरी चपला, डोक्यावर टोपी.

फॉर्मलचं मात्र कंपनीगणिक वेगळं आहे, म्हणून तुमची कंपनी कुठली ते सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. क्युनार्ड सगळ्यात कडक. त्यांच्याकडे संध्याकाळी ६ नंतर नियम सुरू होतो आणि गाला इव्हिनिंगला, म्हणजे खास नटायच्या रात्री, पुरुषांनी टक्सिडो (पार्टीचा काळा सूट) किंवा डार्क सूट, तोही बो टाय किंवा साध्या टायसकट. नटायचं नसेल तर बफे आणि ठराविक २-४ जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात, बाकी जहाजावर तुम्ही त्या संध्याकाळी उपरे. याच्या अगदी उलट नॉर्वेजियन ही कंपनी, त्यांनी २००० च्या सुमारास फ्रीस्टाइल म्हणून प्रकार सुरू केला, फॉर्मल रात्रीची सक्तीच नाही. सेलिब्रिटी नावाच्या कंपनीने २०१५ मध्ये फॉर्मल हा शब्दच काढून टाकून 'इव्हिनिंग शिक' (chic, म्हणजे झोकदार) केलं. कार्निव्हल त्याला क्रूझ एलिगंट म्हणतं, ५ दिवसांपर्यंतच्या सफरीत अशी एक रात्र आणि ६ दिवसांपासून पुढे दोन. व्हर्जिन व्हॉयेजेसवर ड्रेस कोड नाहीच, फक्त एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं असतं, पण तिथे १८ च्या खालच्यांना प्रवेश नाही म्हणजे तुम्ही तिथे नाही जात आहात हे नक्की.

तुमच्या ७ रात्रींत २ फॉर्मल म्हणजे मधल्या पट्टीतली कंपनी दिसतेय. अशा जहाजांवर टक्सिडोवाले थोडेच, सूटवाले बरेच, आणि नुसता चांगला शर्ट-टाय किंवा शर्टावर जॅकेट घालून आलेले भरपूर. परत पाठवणं म्हणाल तर मी शॉर्ट्सवाल्यांना दारातून वळवलेलं पाहिलंय, तेही हसतमुखाने, बदलून या आम्ही टेबल धरून ठेवतो म्हणून. टाय नाही म्हणून मधल्या पट्टीत कुणाला वळवलेलं मी पाहिलेलं नाही.

साबांची तर काळजीच सोडा. क्युनार्डसारख्या कडक कंपनीच्या नियमातसुद्धा आपापल्या देशाचा पारंपरिक फॉर्मल पोशाख चालतो असं स्वच्छ लिहिलंय. साबाच सगळ्यात आधी तयार होऊन बसतील बघा.

मनमौजी

नवऱ्याला +१.

मी चार क्रूझ केल्यात आणि एकदाही टाय नेलेला नाही. फॉर्मल रात्री सगळी जनता खाली डायनिंग रूमला आणि फोटोवाल्यांच्या रांगेत असते, वर बफे निम्मा रिकामा, खिडकीशेजारचं टेबल, समोर सूर्यास्त, पायात चपला. दोन तासांच्या जेवणासाठी सूट, बूट, पट्टा, टाय हे सगळं समुद्र ओलांडून वाहून न्यायचं म्हणजे मला तरी कळत नाही. पैसे आपण भरलेत ना?

उंचटाच

मनमौजी, पैसे शेजारच्या टेबलावरच्यांनीही भरलेत की. बफेत जाताय तर खुशाल जा, त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. पण डायनिंग रूममध्येच शॉर्ट्स घालून बसायचं आणि वेटरशी वाद घालायचा हे मी पाहिलंय, लाज आम्हाला वाटत होती. तो वेटर बिचारा सकाळी ब्रेकफास्टपासून उभा असतो, नियम त्याने थोडाच केलाय. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

पिशवीभर, बायकांच्या बाजूने लिहिते कारण वर सगळं पॅन्ट-टायच चाललंय. पहिल्या क्रूझला मी जमिनीपर्यंतचा लांब गाऊन आणि ४ इंची पेन्सिल हील नेले होते. दुकानात आरशात काय दिसत होते! आता डायनिंग रूम सहसा खालच्या डेकवर, बऱ्याच जहाजांत अगदी मागच्या टोकाला असतं, म्हणजे केबिनपासून दोन-दोन मिनिटं लांब कॉरिडॉर चालायचा, लिफ्टला ही गर्दी म्हणून मग जिना. त्या रात्री समुद्र थोडा खवळलेला होता, फार नाही, ग्लासातलं पाणी एका बाजूला कलतं आणि परत येतं इतपत. मी जिन्यावर, एक हात कठड्यावर, एका हातात पर्स, गाऊन उचलायला तिसरा हात नाही. जहाज हललं, टाच गाऊनच्या काठात घुसली आणि चर्रकन आवाज. पडले नाही हे नशीब. शिलाई वीतभर उसवली, आणि मी अख्खं जेवण नॅपकिन मांडीवरून खाली सोडून केलं, वर फोटोही त्याच गाऊनमध्ये, फक्त कमरेपर्यंतचा.

तेव्हापासून माझं ठरलंय. टाच जाड आणि बुटकी, ब्लॉक हील किंवा वेज (सलग जाड तळव्याची), नाहीतर सरळ चमकी लावलेल्या फ्लॅट. ड्रेस घोट्याच्या वरपर्यंतच. आणि खांद्यावर घ्यायला शाल किंवा पातळ जॅकेट असायलाच हवं, त्या हॉलमध्ये एसी असा काही सोडलेला असतो की डेझर्ट येईपर्यंत दात वाजायला लागतात. बाहेर कितीही उकडत असू दे.

फॉर्मलसाठी दोन वेगळे ड्रेस नेऊ नका. एकच काळा साधा नीट बसणारा ड्रेस, एका रात्री शाल आणि मोठे कानातले, दुसऱ्या रात्री जॅकेट आणि गळ्यात काहीतरी. तुम्ही काल काय घातलं होतं हे तीन हजार माणसांत फक्त तुमच्या लक्षात असतं. बरं, कापड निवडताना एक करा, मुठीत घट्ट धरून वीस आकडे मोजा आणि सोडा. चुण्या तशाच राहिल्या तर ते कापड घरी ठेवा. जर्सी, क्रेप असलं काही उत्तम. लिनन दिसतं सुंदर पण जहाजावर छळतं.

पिशवीभर

बापरे उंचटाच, वाचतानाच माझ्या पोटात गोळा आला. माझे सोनेरी हील बॅगेतून काढले आत्ता.

जुनाखलाशी, खूप धन्यवाद, तुम्ही म्हणता तशीच मधल्या पट्टीतली कंपनी आहे, साइटवर परत नीट वाचलं, जॅकेट ऐच्छिक असं लिहिलंय. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला मग शर्ट पण ऐच्छिक आहे का बघ. इस्त्रीचं सांगा ना कुणीतरी. आणि मुलाला काय?

बॅगबहाद्दर

इस्त्री आणि स्टीमर दोन्ही नेऊ नका, बॅगा स्कॅन होतात आणि असल्या वस्तू काढून घेतात, उतरताना परत मिळतात. समुद्रात आग हा सगळ्यात मोठा धोका, त्यामुळे यात दयामाया नाही. काही जहाजांवर सामायिक लाँड्री रूम असते तिथे इस्त्री मिळते, काहींवर ती सोयच नाही, मग पैसे देऊन प्रेस करून घ्यायचं. फॉर्मल रात्रीच्या दुपारी तिथे सगळेच जातात, म्हणून आदल्या दिवशी द्या. फुकटचा उपाय म्हणजे कपडा हँगरला लावून बाथरूममध्ये टांगायचा, गरम पाण्याने मस्त अंघोळ करायची, दार बंद, आणि ओला असतानाच हाताने खाली ओढत सरळ करायचा. शंभर टक्के नाही पण सत्तर टक्के जातात. केबिनच्या भिंती आतून लोखंडी पत्र्याच्या असतात, चुंबकवाले हुक चिकटतात, चार घेऊन जा. कपाट एवढंसं आणि माणसं चार.

आता खरं महत्त्वाचं. पहिल्या दिवशी मोठी बॅग तुम्ही बंदरावर हमालाकडे देता ती केबिनच्या दारात कधी येईल सांगता येत नाही. आमची एका सफरीत रात्री साडेनऊला आली, तोवर जेवण उरकलेलं. मी, बायको आणि पोरगी, तिघंही प्रवासातले चुरगळलेले कपडे, त्यात माझ्या टीशर्टवर विमानातल्या कॉफीचा डाग, आणि टेबलावर समोर दोन अनोळखी आजीआजोबा झकपक. त्यामुळे पहिल्या रात्रीचा एकेक जोड आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवायची, ही काळ्या दगडावरची रेघ. पहिल्या रात्री फॉर्मल जवळपास नसतंच, ते एक बरं. जुन्या लायनर बोटींच्या (समुद्रापार प्रवासी नेणाऱ्या जहाजांच्या) काळापासून पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटत नाहीत, ट्रंका एकतर उघडलेल्या नसायच्या नाहीतर बांधून झालेल्या असायच्या. फॉर्मल साधारण समुद्रातल्या दिवशी येतं, जहाज बंदराला लागत नाही तेव्हा.

शेवटच्या रात्रीचंही तेच उलटं. झोपायच्या आधी मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीत उचलून नेतात. उत्साहात सगळं भरून दाराबाहेर ठेवलं आणि सकाळी अंगावर फक्त नाइट ड्रेस असे लोक दर सफरीला एक-दोन तरी निघतातच, मागच्या खेपेला आमच्याच कॉरिडॉरमधले एक काका बाथरोब आणि बूट घालून नाश्त्याला आले होते.

मुलाचं काहीच टेन्शन नाही, एक कॉलरवाला शर्ट, एक फुल पॅन्ट, पायात जे आहे ते. दुसऱ्या दिवसापासून तो किड्स क्लबमधून जेवायलाच येणार नाही, तुम्हीच शोधत फिराल. फक्त एक, कॅरिबियनला जाणार असाल तर मिलिटरी छापाचे कॅमोफ्लाज कपडे नेऊ नका. बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत ते सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. जहाजावर कुणी बोलणार नाही पण बंदरात उतरलात की पंचाईत. मुलांच्या शॉर्ट्स हमखास तसल्या असतात.

मनमौजी

उंचटाच, वेटरशी वाद घालणारा मी नव्हे, मी तर वर असतो :) पण एक मान्य करतो. मागच्या खेपेला बायको आणि मेहुणी दोघी नटून खाली गेल्या आणि मी वर एकटाच जेवलो. सूर्यास्त बघितला, जेवण झालं वीस मिनिटांत, मग बोलायला कुणी नाही. दहा मिनिटं खाली डायनिंग रूमच्या दारापर्यंत जाऊन आलो, आतून हसण्याचे आवाज येत होते. एक काळी पॅन्ट घेऊन ठेवलीये आता. टाय नाही.

जुनाखलाशी

मनमौजी, काळी पॅन्ट हा मोठा टप्पा आहे, अभिनंदन.

पिशवीभर, एक राहिलं. कुठल्या दिवशी काय घालायचं ते जहाजाच्या ॲपमध्ये येतं, किंवा आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद ठेवतात त्यात असतं. थीमची रात्रही असते कधीकधी, सगळे पांढरे वगैरे. त्यासाठी मुद्दाम काही विकत घेऊ नका, एक पांढरा शर्ट असतोच घरात. नवऱ्यासाठी काळी किंवा गडद निळी एकच पॅन्ट, तीन शर्ट, एक जॅकेट. जॅकेट बॅगेत नाही, अंगावर घालून विमानात बसवा, खिसेही भरता येतात, २३ किलोत तेवढंच वाचतं. एकच काळा बूट, तोही आधी महिनाभर वापरलेला.

पिशवीभर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. मोजून आता चौघांचं मिळून दीड बॅग झालीये. माझा काळा ड्रेस मुठीच्या परीक्षेत पास, नवऱ्याचे दोन लिननचे शर्ट नापास. मुलाच्या तीन शॉर्ट्सपैकी दोन कॅमोफ्लाज निघाल्या, बॅगबहाद्दर तुमचे पाय कुठे आहेत! साबांची बॅग त्यांनी कालच भरून कुलूप लावून ठेवलीये, आम्हाला बघू पण देत नाहीत.

नवरा एका फॉर्मल रात्रीला तयार झालाय, दुसरीला बफे, असा तह झाला. सूटची पॅन्ट बाद, नुसतं जॅकेट घेतोय. आत्ता आरशासमोर उभा आहे, बटण न लावता पोट झाकतंय का बघतोय.

मनमौजी

त्याला म्हणावं बस. टेबलाखाली बटण कुणाला दिसतंय.