जपानी शेतकरी आगबोटीनं हवाईला ऊसतोडीला गेले होते म्हणे. उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) मिळायची का त्यांना?

बालाघाटकर:
रामराम मंडळी. मी धारूर तालुक्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे. नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता. माझं निम्मं लहानपण उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) गेलं. परवा वाचलं की १८८५ ला जपानी लोक बोटीनं हवाईला उसाच्या कामाला गेले. तवापासून त्याचाच इचार करायलोय. आम्ही ट्रकात भांडी, शेळी, म्हातारी घालून रातभरात कारखान्यावर. ह्यांनी तर समुद्र ओलांडला. तिकडं बी दुष्काळ पडला होता का? बायकापोरं संगं होती का? मजूर गोळा करून नेणारा मुकादम कोण? उचल? आन पळून यायचं म्हणलं तर?

मास्तर अंबाजोगाई:
पहिलं म्हणजे दुष्काळ डोक्यातून काढा. तिथं पावसानं नव्हे, पैशानं मारलं. १८७३ पासून शेतसारा रोखीत, जमिनीच्या किमतीवर. १८८१ नंतर अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आवळलं, तांदळाचा भाव कोसळला, सारा मात्र होता तेवढाच. शेतं सावकाराच्या घशात. हिरोशिमा, यामागुचीकडचे लोक जास्त निघाले.

मुकादमकी दोन सरकारांची. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. राजा कालाकाउआ १८८१ ला स्वतः जपानात जाऊन माणसं पाठवा म्हणून सांगून आला. मधे अर्विन नावाचा अमेरिकन, त्याला माणशी दलाली. (मुकादम कुठलाही असो, दलाली आलीच.) पहिल्या खेपेचं भाडं माफ होतं. करार ३ वर्षांचा. पुरुषाला महिना ९ डॉलर, वर जेवणाचे ६. बाईला ६ आणि ४. महिन्याला २६ दिवस, फडात १० तास, मिलमधे १२. पाचट (उसाची वाळली पानं) काढायचं काम बहुतेक बायकांकडं. काम सोडून पळणं हा कायद्यानं गुन्हा, सापडला की तुरुंग. १९०० साली अमेरिकेचा कायदा लागू झाला तेव्हा कुठं असले करार सुटले.

इंजिनरूम लातूर:
बोटीबद्दल कुणी बोलंना, म्हणून मी. माझी नोकरी जहाजाच्या इंजिनात गेली.

'सिटी ऑफ टोकियो' २७ जानेवारी १८८५ ला योकोहामाहून सुटली, ८ फेब्रुवारीला होनोलुलूत. ९०० च्या वर माणसं, त्यात दीडशेवर बायका आणि शंभरावर लेकरं. लोखंडी बोट, कोळशाचं इंजिन, तरी वर चार डोलकाठ्या. वारा मिळाला की शीड लावून कोळसा वाचवायचा.

असल्या बोटींत गरिबाची जागा डेकच्या खाली. लाकडी फळ्यांचे मजल्यावर मजले. मेव्हण्याच्या जालन्याच्या शेडमधे रेशीमकिड्यांचे रॅक आहेत, डिट्टो तसे. उठून बसलं की डोकं वरच्या फळीला. जानेवारीत उत्तर पॅसिफिक खवळलेला असतो. लाट डेकवर यायला लागली की हॅचची (डेकवरून खाली उतरायच्या तोंडाची) झाकणं ठोकून बंद. मग खाली कंदिलाचा धूर, ओकारी, ओली चटई, आन त्यातच भाताचं भांडं फिरणार. इंजिनाची धडधड फळीतून थेट पाठीत उतरते. हे मी वाचून सांगत नाही.

तीच बोट त्याच वर्षी जूनमधे टोकियोच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर चढून गेली. तोवर 'यामाशिरो मारू' दुसरी खेप घेऊन निघाली होती. १८९४ पर्यंत २६ खेपा, सुमारे २९,००० लोक. आणखी एक गंमत. जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीनं १८९३ ला आपल्या मुंबईहून कापूस न्यायला बोटी सुरू केल्या, अन् १८९६ ला तिचीच 'मिइके मारू' सिअॅटलला लागली.

बालाघाटकर:
बाईचा पगार करारात वेगळा लिहिलेला? आमच्या आईच्या नावानं कधी रुपया मांडला नाही कुणी. कोयता एक, अंगठा बापाचा. खाडा (कामाला गैरहजेरी) पडला तर मात्र दोघांच्या कष्टातून कापायचे. बरं, ३ वर्षांनी माघारी आले का सगळे?

मास्तर अंबाजोगाई:
सगळे कुठले! बरेच परतले, बरेच तिथंच राहिले, काही पुढं कॅलिफोर्नियाला सटकले. नंतर खासगी कंपन्या माणसं नेऊ लागल्या, गर्दी आणखी वाढली. १९०० च्या शिरगणतीत हवाईत १,५४,००१ माणसं, त्यातली ६१,१११ जपानी. अन् पैसे कापायचं म्हणाल तर ते तिथंही व्हायचं. पगारातला हिस्सा आधीच कापून जपानी वकिलातीकडं ठेवायचे.