पवनहंस विकली नाही ते बरं झालं की वाईट?

बेतूलकर: गेल्या महिन्यात गोव्यातल्या बेतूलच्या ओएनजीसी केंद्रात तिसऱ्यांदा बुडून आलो, हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर बाहेर कसं पडायचं त्याचा सराव. हेलिकॉप्टरचा नकली डबा तलावात सोडतात आणि उलटा करतात. नाकात पाणी, डोकं खाली, खिडकीच्या चौकटीवरचा हात सुटला की बाहेरची वाट कुठे तेच कळत नाही. नंतर चहाला विषय निघाला पवनहंसचा. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर माणसं न्यायला म्हणून १९८५ साली सरकारने काढलेली ही हेलिकॉप्टर कंपनी. २०२२ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्सा २११ कोटींना जात होता. खरेदीदारांपैकी एकाविरुद्ध कंपनी लवादाचा आदेश निघाला आणि २०२३ मध्ये सौदा रद्द झाला. माझ्या मते सुटलो.

मांडवीकाठ: सुटलो कसले? वेस्टलँड विसरलात? ब्रिटनने ६५ दशलक्ष पौंडांची मदत दिली, त्यात त्यांची २१ वेस्टलँड-३० हेलिकॉप्टरं पवनहंसच्या गळ्यात मारली. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणे, पण या गायीवर बसून माणसांना समुद्र ओलांडायचा होता! दोन जीवघेणे अपघात झाले, ताफा जमिनीवर बसला आणि १९९३ मध्ये नऊ लाख पौंडांना विकला. खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने ही खरेदी केली असती?

बेतूलकर: बाब, त्याच वेळी घेतलेली फ्रेंच डॉफिन हेलिकॉप्टरं पुढे कित्येक वर्षं उडाली, ते सोयीने गाळलंत. आणि ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईजवळ समुद्रात पडून २७ जण गेले, ते हेलिकॉप्टर खाजगी कंपनीचं होतं.

मांडवीकाठ: मग जानेवारी २०१८ चं डॉफिन कोणाचं? सात गेले. जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ सिकोर्स्की पडलं, नवांतले चार गेले. दोन्ही पवनहंसची. तुम्ही प्रेतं मोजणार तर सगळी मोजा.

खारवी: तुम्ही दोघे मालकावरच अडून बसलात. ओएनजीसी पवनहंसची ४९ टक्क्यांची भागीदार आहे आणि मोठं गिऱ्हाईकही तीच. स्वतःच्याच भागीदाराला गिऱ्हाईक किती सुनावणार? माझी हरकत तिथे आहे. विका, ठेवा, हेलिकॉप्टरांची तपासणी तिसऱ्याने करावी आणि निविदेत सगळ्यात स्वस्ताला माळ घालू नये.

बेतूलकर: स्वस्ताचं पटलं. विकण्याचं अजून नाही. धंदा मंदावला की खाजगीवाला यंत्रं दुसरीकडे नेईल, समुद्रातल्या तेलफलाटावरच्या आजाऱ्याला रात्री कोण आणणार?

मांडवीकाठ: करारात लिहून घ्यायचं. त्यासाठी अख्खी कंपनी पाळायची काय?

म्हापशेकरीण: भांडण चालू दे, मला एवढंच सांगा. माझ्या लेकाचा त्या तलावातला नंबर लागलाय, घरी विचारलं की हसतो. पोहता आलंच पाहिजे का?

बेतूलकर: वहिनी, बाजूला पाणबुडे असतात, घाबरू नका. डबा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा सोडू नको म्हणावं, घाई करणारेच अडकतात. आणि त्या सकाळी पोटभर जेवून जाऊ नको.