थोरलीच्या वाट्याचा वेळ

माझ्या दोन मुली भांडल्या की ‘धाकटी लहान आहे, थोरलीनेच समजून घ्यावे’ असा सल्ला मिळतो. तो मला पटत नाही, कारण सहा वर्षांची थोरलीही लहानच असते. आमच्या दादरच्या दोन खोल्यांत दोघींना वेगळा कोपरा देणे शक्य नाही, म्हणून आम्ही वेळ वेगळा देतो. एखाद्या रविवारी मी थोरलीला एकटीलाच लोकलने भायखळ्याला, राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायला नेते. पाच वर्षांखालील मुलांना लोकलमध्ये तिकीट लागत नाही, तिला मात्र अर्धे लागते, आणि ते मुठीत घट्ट धरून ती खिडकीशी बसते तेव्हा मोठे असण्याचा तिला खरोखर अभिमान वाटतो. धाकटी तेवढा वेळ बाबांबरोबर कणकेचे गोळे करण्यात रमते. भांडणे थांबलेली नाहीत. पण ‘तुला तीच आवडते’ हे वाक्य आता क्वचितच ऐकू येते.