अनुभव धागा: शुश्रूषा केंद्र चांगलं की वाईट, कशावरून ओळखलंत?

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, दोघंही नोकरीत, आणि ब्युरोची बाई आज आहे तर उद्या नाही. मग कधीतरी केंद्राचा विषय निघतोच. ‘आईला टाकली’ म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी वेगळा धागा काढू, इथे ते नको.

माहितीपत्रकं वाचून काही कळत नाही. चोवीस तास नर्सिंग, सात्त्विक आहार, बाग, भजन, सगळीकडे तेच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. पण आपण दरमहा पैसे मोजतो त्या केंद्रात रात्री किती माणसं जागी हवीत, हे त्या कायद्यात शोधून सापडणार नाही. म्हणजे पारख आपली आपणच करायची. तुम्ही काय पाहिलंत, काय विचारलंत ते लिहा. केंद्रांची नावं नकोत.

गवती चहा:
सासूबाईंना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. पुण्यात बरीच केंद्रं पालथी घातली. एका ठिकाणी लॉबी अशी, की लग्नाचं रिसेप्शन ठेवावं. वर खोलीत गेलो. एका आजींच्या स्टुलावर पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला, वर झाकणही. फक्त स्टूल त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला. बेलची वायर सलाइनच्या स्टँडला वरच गुंडाळून ठेवलेली. पायथ्याशी वहीत नोंद होती, ‘पाणी दिले’. तिथूनच मागे फिरलो.
जिथे ठेवलं तिथे लिफ्ट कुरकुरते आणि भिंतींना ओल आहे. पण मावशी आत येताना आधी हाक मारतात, मग चादरीला हात लावतात.

फुलपात्र:
वास!

रिटायर्ड सिस्टर:
वासाचं सगळेच सांगतात. सकाळी डायपर बदलायच्या वेळी गेलात तर कुठेही येणारच. दुपारी चारला येत असेल तर विचारा. आणि नुसता फिनेलचा घमघमाट असेल तर जास्त विचारा.

मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय, म्हणून जरा लांब लिहिते. पहिला प्रश्न: रात्री किती पेशंटमागे किती मावशी, आणि त्यांच्यात शिकलेली सिस्टर किती? ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ हे याचं उत्तर नव्हे. स्वतःहून न हलणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस आहे म्हणून ते चुकत नाही. कूस बदलल्याचा तक्ता मागा. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या, तर त्या चहाच्या वेळी भरल्यात असं समजा.

तुमचं माणूस तिथे राहायला गेल्यावर स्पंजिंगच्या वेळी जा आणि पाठ स्वतः बघा. माकडहाड, खुबे, टाचा. लाल चट्टा बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर तिथे जखम सुरू झाली. सावळ्या रंगावर लाली कळत नाही, तेव्हा हात फिरवून बघायचं, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी असेल तर तिची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. नाकात नळी असेल तर फीड देताना डोक्याकडचा भाग उचललेला हवा आणि नंतरही काही वेळ तसाच. आडवं झोपवून फीड देताना दिसले तर तिथल्या तिथे थांबवा. ठसका लागून अन्न छातीत जातं, न्यूमोनिया होतो.

दहिवर:
वडील विदर्भातल्या एका केंद्रात होते. कधीही जा, झोपलेलेच. ‘आजोबा शांत असतात हो आता.’ मला वाटलं वय झालं. मग गोळ्यांची यादी मागितली तर आमच्या डॉक्टरांनी न लिहिलेली झोपेची गोळी त्यात. नळी ओढतात म्हणून दोन्ही मनगटं ओढणीने कठड्याला बांधलेली, हेही त्याच दिवशी दिसलं. कुणाला विचारून? उत्तर नाही. दुसरीकडे हलवलं. डिपॉझिट कापून मिळालं, तेही भांडून. तेव्हा आत घालतानाच लिहून घ्या: आम्हाला कळवल्याशिवाय गोळी वाढवायची नाही, बांधायचं नाही, आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुठे नेणार, सोबत कोण जाणार. फोनवर सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

यारा नदीकाठी:
मेलबर्नहून लिहिते. इथे २०१८ मध्ये वृद्धसेवेवर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग नेमलं होतं, २०२१ च्या अहवालात बऱ्याच गोष्टी बाहेर आल्या. आता डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक होमला दर्जाचे तारे मिळतात आणि ते कुणालाही बघता येतात. जुलै २०२३ पासून नोंदणीकृत नर्स चोवीस तास हवीच. माणशी रोज सरासरी २१५ मिनिटांची सेवा, त्यातली ४४ मिनिटं अशा नर्सची, असं उद्दिष्टही ठरलेलं आहे.
पण ताऱ्यांनी सगळं भागत नाही. डिमेन्शियात सासऱ्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं. ‘शू लागली’ हे कुणाला कळेना, मग ते चिडायचे, आणि फाइलीत शेरा पडायचा ‘आक्रमक’. कपाटाच्या दारावर आम्ही इंग्रजी लिपीत पाणी, शू, दुखतंय, थंडी असे शब्द चिकटवले. एक नेपाळी मुलगी ते वाचून विचारते, बाकीचे बघतही नाहीत. तारे तिच्या पाळीला आणि बाकीच्यांच्या पाळीला तेवढेच.

आले_लिंबू:
दुसरी बाजूही लिहिते. मी एका केंद्रात सुपरवायझर होते. मावशींची पाळी बारा तासांची, पगार तुटपुंजा, शेजारच्या हॉस्पिटलने थोडे जास्त दिले की निघाल्या. म्हणून मालकाशी कमी बोला, मावशींना विचारा, इथे किती वर्षं आहात? बहुतेक जणी नव्या असतील तर तुमच्या माणसाला उजव्या कुशीवर झोप लागते हे कुणाच्याच लक्षात राहणार नाही.
आणि ज्यांना बघायला दर आठवड्याला कुणीतरी येतं, त्यांची नखं कापलेली असतात. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

खवचट काका:
म्हणजे परदेशातून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी काय समजायचं? कॉलच्या आधी वडिलांना इस्त्रीचा शर्ट चढवतात, हे आमच्या शेजाऱ्यांचं उदाहरण. पायजमा कॅमेऱ्यात येत नाही. ठरलेल्या वेळी कॉल करूच नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. रिटायर्ड सिस्टर, खाण्याचं कसं तपासायचं? ताट तर दर वेळी छानच दिसतं.

रिटायर्ड सिस्टर:
ताट भरताना नाही, उचलताना बघा. भरवायला किती वेळ बसतात तेही बघा. पाच मिनिटांत जेवण संपलं याचा अर्थ अर्धं परत गेलं. दर महिन्याचं वजन मागा. उभं राहता येत नसेल तर काटा जमत नाही, अशा वेळी दंडाचा घेर मोजायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. शिंप्याची टेप चालते. तोच हात, तीच जागा, आकडा वहीत. दोन-तीन महिने उतरतच गेला तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग केंद्राशी बोला.